रिकाम्या हातानं बसायचं नाही

मला विडी कधीच नीट वळता आली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सोलापूरच्या पूर्व भागात सात-आठ वर्षं काढलेल्या बाईनं असं म्हणणं म्हणजे कोकणात राहून नारळ सोलता येत नाही म्हणण्यासारखं आहे. माझ्या विड्या एकतर पोटात फुगायच्या, नाहीतर ओढायच्या आधीच सुटायच्या. कारखान्यात विड्या तपासणारा माणूस त्या नुसत्या बोटानं बाजूला सारायचा, तोंडानं काही बोलायचासुद्धा नाही.

मी तिथं बालवाडी चालवायचे. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा लांब व्हरांडा आणि सुकडीचं एक मोठं पातेलं, एवढाच पसारा. सकाळी पोरं असायची. दुपारी बारानंतर व्हरांडा बायकांचा. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या पंधरा-सोळा जणी मांडीवर सूप घेऊन भिंतीला पाठ टेकून ओळीनं बसायच्या. सुपात भिजवलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, कात्री आणि पान मापात कापायला पत्र्याचा एक तुकडा. हात चालू, तोंड चालू. तोंडं चार भाषांत चालायची. तेलुगू, दखनी, कानडी आणि मराठी, आणि मराठीतही माझी पुस्तकी मराठी सगळ्यात कमी कामाची.

मला तिथं एका महिला मंडळानं नेमलं होतं. बालवाडी तर चालवायचीच, पण ज्या बायकांना घरी मारहाण होते त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, असं मला दोन दिवसांच्या शिबिरात शिकवलं होतं. तक्रार कशी लिहायची, दवाखान्यातून दाखला कसा घ्यायचा, बाईला घर सोडायचं असेल तर कुठं ठेवायचं, सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. वय तेवीस, लग्न झालेलं नाही, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मला वाटायचं, वर्षभरात मी गल्लीतला एकूण एक नवरा सरळ करीन.

व्हरांड्यात तिघी माझ्या जवळच्या. एक अक्का. विणकर घरातली तेलुगू बाई, साठीला टेकलेली, सगळ्यांत जुनी. दुसरी खाला. जाड भिंगाचा चष्मा, पानानं लाल झालेलं तोंड, आणि हसायला लागली की सूप मांडीवरून घसरायचं. आणि तिसरी आमची धाकटी. ती धनगराची लेक, नैऋत्येकडच्या कोरड्या तालुक्यातली. मेंढरांमागं फिरत वाढलेली. लग्न होऊन सोलापूरला आली तेव्हा तिला विडी म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. अक्कानं तिला समोर बसवून शिकवलं, आणि वर्षाच्या आत पोरगी अक्काच्या तोडीच्या विड्या वळायला लागली. तिच्या विडीचं तोंड इतकं घट्ट मिटलेलं असायचं की खाला म्हणायची, "इसकी बीडी का मूं बी इसके सरीकाच बंद."

खरंच धाकटी फार बोलायची नाही. पण खोलीचा विषय निघाला की खुलायची. आयुष्य पालात गेलेलं. आज या माळावर, उद्या त्या. लग्नानंतर तिला पहिल्यांदा चार भिंती मिळाल्या. एक खोली, पुढं हातभर ओटा. भिंतींना तिनं स्वतः चुना दिला होता, खिडकीखाली निळीनं एक मेंढरू काढलं होतं. मला हाताला धरून दाखवायला नेलं होतं तिनं. "बाई, ही भित्ताडं रातभर हितंच ऱ्हात्यात की," असं म्हणाली होती, आणि मी हसले होते.

पावसाळा सरता सरता कारखान्यातून तिच्या विड्या बाद होऊन यायला लागल्या. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा अक्कानं तिच्या सुपातून एक विडी उचलली, डोळ्याजवळ धरली, तोंडाची घडी नखानं उलगडून पाहिली आणि म्हणाली, "डावा अंगठा वाकत नाही तुझा." धाकटी म्हणाली, दारात चेमटला. अक्कानं तिचा हात मागितला. तिनं दिला नाही. तिथं बसलेल्या प्रत्येकीला कळलं, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. मला त्या गप्प बसण्याचा फार राग आला.

तिचा नवरा गिरणीत पहिल्या पाळीला होता. दारू नाही, जुगार नाही, बोलायला मऊ. संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीतल्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, म्हणून त्याला मान होता. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. त्यानं मला बसायला पाट दिला, चहा करायला लावला, आणि मी जे जे म्हणाले त्या प्रत्येकाला मान डोलावली. "बाई, तुमचं खरं आहे. माझंच चुकलं." मी विजयी मुद्रेनं घरी आले. आईला म्हटलं, बघ, नीट बोललं की माणसं ऐकतात.

त्यानंतर धाकटी तीन दिवस आली नाही. आली तेव्हा गालाखाली सूज होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, आता काय बोलू नका त्यास्नी." एवढंच. बाहेरच्या बाईकडे घरातलं नेलं, या रागानं त्यानं तिला मारलं होतं. म्हणजे तो मार माझ्यामुळं होता. ते मी आजही विसरले नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

मग मी वही उघडली. तिला घेऊन चौकीवर गेले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, तिला विचारलं, "नांदायचंय का नाही?" ती म्हणाली, नांदायचंय. "मग जा की." झालं. मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर चल, आपल्या मंडळाची ओळखीची जागा आहे, तिथं राहा. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी आवाज चढवून बोलली. "मी का जाऊ? चुना मी दिलाय. भाडं माज्या विड्यांतनं जातंय. मारतोय त्यो, आन् घर म्या सोडू व्हय?" माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. तिला मार नको होता आणि खोली हवी होती. इतकी साधी गोष्ट, पण ती कशी द्यायची हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

मी व्हरांड्यात येऊन बसले आणि चक्क रडले. खालानं माझ्याकडं पानाचा डबा सरकवला. अक्का बराच वेळ विड्या वळत राहिली. मग तिनं धाकटीला विचारलं, "कधी मारतो?"

"भोंगा झाल्यावर. घरी आल्यावर. दिवं लागायच्या आदी."

"दिवे लागल्यावर?"

"तवा मानसं येत्यात की पेपर ऐकायला."

अक्कानं मान हलवली. "त्या वेळेला गल्लीत कोण असतं? कोण नाही. आपण सगळ्या इथं बसतो. गल्ली आपणच रिकामी करून देतो त्याला." आणि तिनं सूप उचललं. "उद्यापासून तीन वाजता तिच्या ओट्यावर बसायचं. विड्या इथं वळल्या काय, तिथं वळल्या काय, सारखंच."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. नुसतं बसून काय होणार? पण खाला हसली. "हमारे दरवज्जे पो बी बैठे थे ये लोगां," ती म्हणाली. "मैं नवी नवी थी तब. बारा दिन बैठे." म्हणजे खालालाही कधी काळी मार बसत होता. खालाचे मियाँ म्हणजे गल्लीतला सगळ्यात मवाळ माणूस. बायकोचं सूप स्वतः डोक्यावर घेऊन यायचा. मला वाटायचं तो जन्मापासूनच तसा असेल.

बसायचे नियम होते, ते अक्कानं मला त्याच दुपारी सांगितले. मारण्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. तो आला की पाय आखडून त्याला वाट द्यायची. कुणी विचारलं तर इथं वारं चांगलं लागतं म्हणायचं. आणि रिकाम्या हातानं बसायचं नाही. हा नियम तिनं मला दोनदा सांगितला. रिकाम्या हातानं बसली ती न्याय करायला आली. सूप घेऊन बसली ती शेजारीण. पंचाशी भांडता येतं, शेजारणीला उठ म्हणता येत नाही. मला एक जुनं सूप मिळालं आणि कापायला वाईटातली वाईट पानं मिळाली, कारण चांगली मी फुकट घालवली असती.

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो. हातभर ओट्यावर चौघी, बाकीच्या खाली पायरीशी आणि समोरच्या भिंतीला. धाकटी मधोमध. गिरणीचा भोंगा झाला, आणि काही वेळानं तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. सायकल तिथंच थांबली. मग हळूहळू आला, आम्ही पाय आखडले, तो आत गेला. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाला, "आज इकडं कुठं?" खाला म्हणाली, "वारा अच्छा है भाई यहाँ." त्यानं आकाशाकडं पाहिलं. पानसुद्धा हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. धाकटीच्या चेहऱ्यावरची सूज उतरत होती. दिवे लागले की आम्ही उठायचो, पेपर ऐकणारी माणसं यायची, आणि गल्ली भरलेली राहायची. मला तर त्या बसण्याची गोडी लागली. इतक्या जवळून मी त्या बायकांचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. कुणाच्या सुनेला डोहाळे लागले होते, कुणाची शेळी दुसऱ्याच्या घरी व्यायली होती, आणि आमच्यातल्या कानडी काकूंना सगळ्यात जास्त चिंता होती ती माझ्या लग्नाची.

चौथ्या दिवशी मी घाण केली.

तो आला, आम्ही पाय आखडले, आणि आत जाता जाता तो हसून म्हणाला, "आमच्या घरचा बाजार झालाय नुसता." साधं वाक्य. अक्कानं वरसुद्धा पाहिलं नाही. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सूप खाली ठेवलं, उठून उभी राहिले आणि जे नको ते सगळं बोलले. अंगठ्याचं बोलले, गालाचं बोलले, चौकीचं बोलले, तुझा पेपर ऐकणाऱ्यांना सगळं सांगते म्हणाले. माझा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला असणार. रातपाळीला जाणारी, घरी मागावर बसलेली माणसं बाहेर आली. आणि त्या माणसाला जे चार दिवस मिळत नव्हतं ते मी ताटात वाढून दिलं. त्याला भांडायला कुणीतरी मिळालं. तो माणसांकडं वळून म्हणाला, "बघा, बाहेरची बाई येऊन माझं घर मोडतीय." माणसं माझ्याकडं बघायला लागली. एक जण म्हणाला, "बाई, शिकलेल्या तुम्ही. घरच्या बाबीत पडू नये." तेवढ्यात नवऱ्यानं धाकटीला मनगटाला धरून आत ओढलं आणि कडी लावली.

आता ती आत, तो आत, आणि दार बंद. मी दारावर थाप मारायला हात उचलला, तर अक्का म्हणाली, "कूर्चो." बस. आजवर ती माझ्याशी कधी तेलुगूत बोलली नव्हती. मी बसले. तिनं माझं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. नुसत्या कात्र्या वाजत होत्या, कारण सगळ्या जणी कान देऊन होत्या. मग अक्का दाराकडं न बघता नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुझं सूप बाहेर राहिलंय गं. मी धरून बसलीय."

आतून धाकटीचा आवाज आला, "असू द्या अक्का. येती मी."

आम्ही वाट बघितली. दिवे लागले. आम्ही उठलो नाही. गल्लीत अंधार झाला तसं कुणीतरी कंदील आणून पायरीवर ठेवला आणि विड्या पुढं सुरू. आधी पोरं आली, त्यांना डब्यातली भाकरी कुठं आहे ते सांगून परत पाठवलं. मग माणसं यायला लागली. नऊ घरांतली माणसं. पेपर ऐकायची जागा आज बायकांनी भरलेली, आणि घरी चुलीत राख. एकानं जरा दरडावूनच विचारलं, "आज चूल पेटायची न्हाय का?"

"पेटंल की," कानडी काकू म्हणाल्या. "हे दार उघडलं की पेटंल."

ते ऐकून माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली, त्याची मला अजून मजा वाटते. दुपारी हीच माणसं मला घरच्या बाबीत पडू नये म्हणून सांगत होती. आता ती बाब त्यांच्या घरी, त्यांच्या पोटात येऊन बसली होती. सगळ्यात आधी खालाचे मियाँ पुढं झाले. त्यांना भूक सहन व्हायची नाही हे जगजाहीर होतं, पण मला वाटतं नुसती भूक नव्हती. त्यांना ते बारा दिवस आठवले असतील. त्यांनी दारावर थाप मारली. "भाई, दरवज्जा खोल. मैं बी खोला था. खोलनाच पडता." मग दुसऱ्यानं थाप मारली, मग तिसऱ्यानं. जो मला शिकलेली म्हणाला होता तो तर सगळ्यात जोरात ओरडत होता, "अरे बाबा, दार उघड, आमी उपाशी हाय हितं."

कडी निघाली. धाकटी बाहेर आली. मनगट लाल होतं, बाकी काही नव्हतं. अक्काच्या त्या एका वाक्यानंतर त्यानं तिला हात लावला नव्हता, हे तिनं नंतर सांगितलं. ती अक्काच्या शेजारी येऊन बसली, आपलं सूप मांडीवर घेतलं आणि पान कापायला लागली. मी तिच्याकडं बघू शकत नव्हते. तिनंच माझ्या सुपात डोकावलं. "बाई, काय हो ही पानं कापलीयत," ती म्हणाली. मी पुन्हा रडले, या वेळी बरं वाटून.

अक्का माणसांना म्हणाली, उद्याही आम्ही बसणार, परवाही बसणार. हिच्यावर हात उचलणारा माणूस या दाराच्या आत आहे तोवर बसणार. पुढचं मग माणसांनीच ठरवलं, पाचच मिनिटांत. उपाशी माणसांचा निकाल फार लवकर लागतो. त्यानं गिरणीजवळ पाळीतल्या सोबत्यांच्या खोलीवर जाऊन राहावं. धाकटी बोलवील तोपर्यंत. तो म्हणाला, ठीक आहे, आठ दिवसांचा तर प्रश्न. पिशवीत कपडे घेतले, काखेत वर्तमानपत्र घेतलं आणि सायकलवर बसून गेला. चुली पेटल्या. धाकटीनं स्वतःपुरतं पिठलं केलं आणि मलाही जेवायला बसवलं, निळ्या मेंढराखाली.

त्यानंतर आम्ही आणखी काही दारांशी बसलो. सगळीकडं बसायची रीत वेगळी, ते मला तोवर कळलं होतं. खालाच्या मोहल्ल्यात रस्त्यावर नाही, पडद्याच्या आत, आणि आधी तिथल्या म्हाताऱ्या बायका जाणार, आम्ही त्यांच्या मागून. विणकरांच्या गल्लीत मागाच्या सुताचा ताणा पसरलेला असेल तर त्याला धक्का न लावता. कानडी घरात समोर आलेलं आधी खायचं, मग सूप उघडायचं, नाहीतर सासू अपमान धरायची. एका घरी आमचं काही चाललं नाही, तिथल्या मुलीला मी मंडळाच्या जागेवर नेऊन पोचवलं, आणि तेव्हा वहीचा उपयोग झाला. उभं राहून बोलायची चूक मात्र मी पुन्हा केली नाही. मला बोलावंसं वाटलं की अक्का माझ्याकडं बघायची आणि मी कात्री उचलायचे.

धाकटीचा अंगठा महिना-दीड महिन्यात वाकायला लागला. एका दुपारी अक्कानं तिच्या सुपातली विडी उचलून डोळ्याजवळ धरली, घडीवर नख लावून पाहिलं. घडी उलगडली नाही. तिनं ती परत ठेवून दिली आणि आपलं काम पुढं चालू केलं.

नवऱ्याचे निरोप यायचे. पहिल्या आठ दिवसांनी एक आला, मग दिवाळीला एक, मग गुढीपाडव्याला. आणणारी माणसं गल्लीतलीच. ती व्हरांड्याच्या पायरीशी उभी राहून विचारायची, "काय मग, बोलवायचं का त्याला?" धाकटी पानावर तंबाखू पसरत म्हणायची, "बघू की." त्यात राग नसायचा, कुढणं नसायचं. निरोप घेऊन येणारा जरा थांबायचा आणि निघून जायचा.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि मी सोलापूर सोडलं. जायच्या आदल्या दुपारी व्हरांड्यात सगळ्यांनी मिळून माझी ओटी भरली, खालानंसुद्धा. निघताना मी धाकटीच्या खोलीवर गेले. भिंतीला ताजा चुना होता, मेंढराशेजारी आता एक कोकरूही होतं. ती ओट्यावर बसली होती, सूप मांडीवर. इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते त्या दिवशी विचारलं. म्हटलं, "खरं सांग, कधी बोलावणार आहेस का त्याला?"

तिनं विडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला आणि माझ्याकडं बघून हसली.

"बघू की, बाई," ती म्हणाली. "काय घाई हाय?"